जिल्ह्यात लकव्याची उपचारसाखळी कशी उभारावी: इंजेक्शन सगळ्यात शेवटी

फीत कापली जाते, पाटी लागते, फ्रिजमध्ये गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या चार व्हायल ठेवल्या जातात. वर्षभराने स्टॉक मोजला तर तीन व्हायल मुदत संपून पडलेल्या. रुग्ण नव्हते म्हणावं तर वॉर्ड लकव्याच्या रुग्णांनी भरलेला. पण एकाला सकाळी सातला लकवा झाला आणि तो दुपारी चारला पोहोचला. दुसरा वेळेत आला तर सीटी स्कॅनचा टेक्निशियन घरी. तिसऱ्याचा सीटी झाला, पण तो बघणाऱ्याने फोन उचलला नाही. खान्देशात हे मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलं. तिन्हीकडे सुरुवात औषधाच्या खरेदीपासून झाली होती.

खाली दिलेला क्रम त्याच्या उलटा आहे. तो जिल्हा शल्यचिकित्सक, अधिष्ठाता, असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाचे समन्वयक आणि उपजिल्हा रुग्णालयातले फिजिशियन यांच्यासाठी आहे. टप्पे गाळू नका आणि शक्यतो पुढेमागेही करू नका.

## आधी घड्याळ समजून घ्या

लकवा, पक्षाघात, 'अंगावरून वारं गेलं', सगळं एकच. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलट, म्हणून सीटीशिवाय काहीच ठरत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून कॅथेटर घालून गुठळी ओढून काढता येते. त्याची मुदत साधारण ६ तास. २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासांनंतर मेंदूचं विशेष स्कॅनिंग करून निवडलेल्या रुग्णांत ती २४ तासांपर्यंत गेली.

हे तास कुठून मोजायचे, इथेच निम्मी गडबड होते. लक्षणं दिसली ती वेळ धरायची नाही, माणूस शेवटचा धडधाकट दिसला ती वेळ धरायची. आपल्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्री असते. माणूस अकरा वाजता मोटार चालू करायला मळ्यात जातो आणि पहाटे पाचला बांधावर पडलेला सापडतो. केसपेपरवर लिहिलं जातं, 'पहाटे ५ वाजता लकवा'. तिथे रात्रीचे ११ हवेत. पण एवढ्यावर थांबू नका. त्याचा मोबाईल मागून घ्या आणि रात्रीचे कॉल बघा. दोन वाजता शेजारच्या मळेवाल्याशी तो नीट बोलला असेल, तर त्या मळेवाल्याला फोन लावून खात्री करा आणि घड्याळ दोनपासून सुरू करा. एका फोनने तीन तास परत मिळतात.

> तपासा: तुमच्या कॅज्युअल्टीच्या कागदावर 'शेवटचं ठीक पाहिलेली वेळ' असा वेगळा रकाना आहे का? नसेल तर आजच शिक्का करून घ्या. शिक्क्याला मंजुरी लागत नाही.

## टप्पा १: आकडा काढा, मग मिनिटांचा नकाशा

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२.३ लाख, धुळ्याची २०.५ लाख, नंदुरबारची १६.५ लाख. भारतातल्या अभ्यासांत दर लाखामागे वर्षाला साधारण १०५ ते १५२ नवे लकवे आढळले आहेत. त्या हिशेबाने जळगाव जिल्ह्यात रोज १२ ते १८, धुळ्यात ६ ते ९, नंदुरबारात ५ ते ७. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे, म्हणून हा आकडा कमीत कमी समजा. तुमच्या रजिस्टरमध्ये महिन्याला दहाच नोंदी असतील तर बाकीचे खासगीत, घरी किंवा भगताकडे आहेत.

आता नकाशा. भिंतीवर लावायचा तो नकाशा किलोमीटरचा असतो. तो बाजूला ठेवा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रापासून चालू असलेल्या सीटी मशीनपर्यंत किती मिनिटं लागतात ते लिहा. तेही गाडी चालवून, तीनदा: दिवसा, रात्री आणि पावसात. ऊसगाळपाच्या दिवसांत शहाद्याकडे ट्रॉल्यांची रांग लागते, ती वेळ वेगळी धरा. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या घाटवाटांचा अंदाज ऑफिसात बसून कधीच बरोबर येत नाही.

आणि जिल्ह्याची हद्द विसरा. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात आहे, पण तिथून धुळं जवळ. पारोळा आणि अमळनेरचंही तेच. सेंधव्याकडचे रुग्ण शिरपूरला उतरतात, रावेरचे लोक बऱ्हाणपूरला जातात, नवापूरचे सुरतेच्या दिशेने निघतात. चाळीसगावच्या रुग्णाला केवळ जिल्हा एक म्हणून जळगावला पाठवलं, तर अर्धा-पाऊण तास फुकट गेला. पुढच्या टप्प्यातला आदेश म्हणूनच दोन जिल्ह्यांचा मिळून निघायला हवा.

समजा, सातपुड्यातल्या एका पाड्यावर घरच्यांना लक्षात यायला ४० मिनिटं, गाडी यायला ४५, रस्त्याला १२०. साडेचार तास म्हणजे २७० मिनिटं. २०५ रस्त्यातच संपली, रुग्णालयाच्या हातात ६५ उरली. अशी मांडणी प्रत्येक तालुक्याची करा. जिथे उत्तर उणे येतं, तिथल्या लोकांना इंजेक्शनचं आश्वासन देऊ नका. त्यांना काय देता येतं ते टप्पा ७ मध्ये आहे, आणि ते थोडंथोडकं नाही.

## टप्पा २: चार मालकांचा एक आदेश

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, तिथे अधिष्ठात्यांचा शब्द. १०८ ची गाडी चौथ्याकडे. लकव्याचा एक रुग्ण दोन तासांत या चारही दारांतून जातो, आणि कोणाचाही आदेश दुसऱ्याला लागू होत नाही. खान्देशात धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे हा पेच तिन्ही जिल्ह्यांत सारखाच.

उपाय एकच. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बैठक आणि त्यांच्याच सहीचा आदेश. हद्दीवरच्या तालुक्यांसाठी दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या सह्या. आदेशात एवढंच असावं:

१. लकव्याच्या संशयित रुग्णाला जवळच्या रुग्णालयात न नेता नकाशात ठरवलेल्या, सीटी असलेल्या रुग्णालयात न्यावं. श्वास किंवा नाडी बिघडली असेल तरच मध्ये थांबावं.
२. त्या रुग्णालयाने बेड नाही म्हणून परत पाठवू नये.
३. सीटी आधी, कागद नंतर.
४. प्रत्येक रुग्णालयात या कामाचा एक जबाबदार माणूस, नावानिशी नको, पदानिशी. नावानिशी नेमलं की बदली झाली आणि साखळी तुटली.

> इशारा: पहिलं कलम नसेल तर गाडी सवयीने सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाईल. तिथे ३० खाटा असतात, सीटी नसतो. रुग्ण उतरवणं, सलाईन लावणं, रेफर चिठ्ठी लिहिणं, दुसरी गाडी बोलावणं यात तास-दीड तास जातो, आणि कोणाचीच चूक दिसत नाही.

## टप्पा ३: एक मोबाईल नंबर

व्हॉट्सअॅप ग्रुप काढून काम झालं असं समजणारे बरेच भेटले. दीडशे जणांच्या ग्रुपवर रात्री दोनला फोटो पडतो, सकाळी सातला त्याच्याखाली कोणीतरी 'गुड मॉर्निंग' टाकतं. ग्रुप नोंदीसाठी ठेवा, हाक मारायला वापरू नका.

मुख्य केंद्राच्या कॅज्युअल्टीत एक साधा बटणाचा मोबाईल ठेवा. ड्युटीवरच्या डॉक्टरच्या गळ्यात तो असला पाहिजे आणि ड्युटी बदलताना सही करून हातात द्यायचा. नंबर कायमचा एकच. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतात, त्यांनी निघतानाच या नंबरवर पाच गोष्टी सांगायच्या: वय, शेवटची ठीक वेळ, कोणती बाजू गेली, साखर किती, किती मिनिटांत पोहोचतो. फोन ठेवताच ड्युटी डॉक्टरने टेक्निशियनला उठवायचं.

गाडीत काय करायचं हे सांगण्यापेक्षा काय करायचं नाही हे छापून चिकटवा:

- निफेडिपिनची गोळी जिभेखाली द्यायची नाही. दाब एकदम कोसळतो आणि मेंदूचं उरलंसुरलं रक्तही तुटतं.
- सीटीआधी अॅस्पिरिन नाही.
- डेक्स्ट्रोजची बाटली नाही, साखर खरंच कमी असेल तर सोडून. लावायचंच असेल तर साधं नॉर्मल सलाईन.
- तोंडाने पाणी, चहा, गोळी काही नाही.
- दंडात किंवा कुल्ल्यात सुई टोचायची नाही. नंतर गुठळीचं औषध द्यायचं झालं तर तिथे रक्त साकळतं.
- नातेवाईक मागे राहता कामा नये. ज्याने माणसाला शेवटचं ठीक पाहिलं, तोच गाडीत हवा. गावातला हौशी कार्यकर्ता नको.

## टप्पा ४: रात्रीचा सीटी

साखळीतली सर्वांत कच्ची कडी हीच, म्हणून इथे जास्त वेळ घालवा. मशीन आहे का हा प्रश्न नाही. रविवारी रात्री दोनला, लाईट गेलेली असताना, ते किती मिनिटांत चालू होतं हा प्रश्न आहे.

टेक्निशियन 'ऑन कॉल' असेल तर तो नाही असंच धरा. तो रुग्णालयाच्या आवारात हवा. सीटी कंत्राटी संस्थेकडे असेल तर करारात रात्रीची हजेरी आणि २० मिनिटांची अट आहे का ते बघा. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी घाला, आणि तोवर रुग्ण कल्याण समितीतून रात्रीच्या माणसाची सोय करा. एसी आणि जनरेटर वेगळे तपासा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, सीटीच्या खोलीचा एसी बंद पडला की मशीन स्वतःच थांबतं.

मशीन बंद असेल त्या दिवशी काय? हे आधी लिहून ठेवा. बंद पडल्याच्या पंधरा मिनिटांत त्या एका नंबरवरून सर्व गाड्यांना कळलं पाहिजे की आज धुळ्याऐवजी अमुक ठिकाणी जा. शेजारच्या खासगी केंद्राशी दराचा करार आधीच करून ठेवा. तालुक्याच्या गावी खासगी सीटी असेल तर मोह होतो की तिथेच काढून घ्यावा. तिथे इंजेक्शन देणारा नसेल तर काढू नका. दोनदा उतरवणं-चढवणं यात अर्धा तास जातो, आणि रुग्ण फिल्मचा लिफाफा घेऊन उशिरा येतो.

> तपासा: रंगीत तालीम करा, कोणालाही न सांगता. एखाद्या कर्मचाऱ्याला रात्री दोनला रुग्ण बनवून पाठवा. दारापासून सीटीचं पहिलं चित्र दिसेपर्यंतची मिनिटं मोजा. पहिल्या तालमीत आमची ७४ आली होती. २० च्या आत येईपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

त्या ७४ पैकी २६ मिनिटं केसपेपरच्या खिडकीपुढे गेली होती. खिडकीतला माणूस आत झोपलेला, 'मुलगा' झालेला कर्मचारी आधार कार्ड शोधतोय, आणि 'रुग्ण' स्ट्रेचरवर पंख्याखाली. म्हणूनच आदेशात 'कागद नंतर' हे शब्द हवेत. आधीच नंबर टाकलेले दहा कोरे केसपेपर कॅज्युअल्टीत ठेवा, नाव नंतर भरा.

## टप्पा ५: दारापासूनची वीस मिनिटं

इथला क्रम पाठ झाला पाहिजे:

१. स्ट्रेचर कॅज्युअल्टीच्या बेडवर रिकामं करू नका. त्याच स्ट्रेचरवरून सीटीला.
२. बोटातून साखर. इंजेक्शनआधी थांबावं अशी रक्ताची तपासणी एवढीच. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तरच बाकीच्या रिपोर्टसाठी थांबा.
३. शेवटची ठीक वेळ पुन्हा विचारा, माणसाच्या भाषेत. 'लक्षणं केव्हापासून?' या प्रश्नाला 'सकाळपासून' असंच उत्तर येतं. अहिराणी बोलणारी नर्स जवळ उभी करा. 'काय व्हयनं?' एवढं विचारून गप्प बसलं की आजीबाई सगळा दिवस सांगतात, त्यातून वेळ सापडते. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या कुटुंबांसाठी तसा कर्मचारी कोणत्या ड्युटीला आहे ते फळ्यावर लिहा.
४. दोन्ही हातांचा रक्तदाब, एक शिरेची सुई, वजन.
५. सीटी.

वजन हा विनोदाचा विषय वाटतो, पण डोस वजनावर ठरतो. नातेवाईक 'असतील साठ-सत्तर' म्हणतात. धान्याच्या व्यापाऱ्याकडे असतो तसा प्लॅटफॉर्म काटा सीटीच्या दारात जमिनीत बसवा आणि स्ट्रेचरच्या पायावर त्याचं वजन ऑइलपेंटने लिहा. स्ट्रेचरसकट तोला, वजा करा. आमचं एक स्ट्रेचर ४१ किलोचं होतं आणि पेंट करणाऱ्याने १४ लिहिलं होतं. तेही तपासा.

सोंगं ओळखा. साखर उतरली तर हुबेहूब लकवा दिसतो, ग्लुकोज दिल्यावर दोन मिनिटांत हात उचलतो. फिट येऊन गेल्यावरही काही तास एक बाजू लुळी पडते. पावसाळ्यात पहाटे दोन्ही पापण्या मिटलेल्या आणि गिळता येत नाही असा माणूस आला तर मण्यार चावल्याचा संशय घ्या. मण्यारचा दंश बऱ्याचदा दिसतही नाही. बाळंतीण बाई डोकेदुखी, फिट आणि एका बाजूची कमजोरी घेऊन आली तर मेंदूच्या शिरेतली गुठळी आठवा, तिचा उपचार वेगळा. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. लहान मुलाला लकवा झाला तर गुठळी विरघळवणारं औषध हा पहिला विचार नको, रक्त बदलून देण्याची तयारी लागते.

आणि मे महिन्यात 'स्ट्रोकचा पेशंट येतोय' असा फोन आला तर एक प्रश्न जास्त विचारा: हीट स्ट्रोक की लकवा? उष्माघात कक्षात बर्फाच्या पिशव्यांखाली लकव्याची बाई दोन तास झोपवलेली मी पाहिली आहे. अंगाला हात लावला असता तर ताप नव्हता हे कळलं असतं.

## टप्पा ६: दूरचा डॉक्टर आणि मग औषध

प्रत्येक केंद्रावर न्यूरॉलॉजिस्ट मिळणार नाही, आणि त्याची वाटही पाहू नका. हिमाचल प्रदेशात जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियननी मोबाईलवर न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला घेत ही इंजेक्शनं दिली आहेत. डोंगराळ भाग, लांबचे रस्ते, मोजकेच तज्ज्ञ, परिस्थिती आपल्यासारखीच. जळगाव-धुळ्यातल्या खासगी न्यूरॉलॉजिस्टना मानधनावर घ्या आणि आठवड्याचं वेळापत्रक लावा. पहिल्याने पाच मिनिटांत फोन न उचलल्यास दुसरा, हे लेखी ठेवा. मानधन महिनाभराचं द्या. प्रतिरुग्ण दिलंत तर शांत महिन्यात यादी गळते.

सीटीची फिल्म काचेवर धरून काढलेला फोटो पाठवू नका. त्यात चकाकी येते आणि बारीक रक्तस्राव दिसत नाही. मशीनवरून मूळ फाइल जाईल अशी सोय करा. तोवर निदान स्क्रीनवर चित्रं सरकवत केलेला व्हिडिओ पाठवा, खोलीतला दिवा बंद करून.

आता औषध. आता, म्हणजे वरचं सगळं चालू झाल्यावर.

- अल्टेप्लेज: ०.९ मिलिग्रॅम प्रतिकिलो, कमाल ९०. दहावा हिस्सा एकदम, उरलेलं तासाभरात पंपाने. ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम, त्यातलं ५.४ आधी आणि ४८.६ नंतर. हा तक्ता ४० ते १०० किलोंपर्यंत करून भिंतीवर लावा. रात्री तीनला गणित चुकतं.
- टेनेक्टेप्लेज: एकदाच, पंप नको, म्हणून लहान केंद्रांना सोपं. आंतरराष्ट्रीय सूचनांत ०.२५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, कमाल २५. खोक्यातल्या पत्रकाशी ताडून फिजिशियन आणि न्यूरॉलॉजिस्टने एक डोस ठरवावा आणि सर्व केंद्रांवर तोच ठेवावा.

> इशारा: हृदयविकारासाठी टेनेक्टेप्लेजचा डोस लकव्याच्या साधारण दुप्पट असतो. आयसीयूतल्या परिचारिकेच्या हाताला तोच बसलेला असतो. लकव्याच्या व्हायल वेगळ्या पेटीत, पेटीवर 'मेंदू' असं मोठ्या अक्षरात. आणि त्याच कपाटातलं स्ट्रेप्टोकायनेज, हे गुठळी विरघळवणारं दुसरं औषध, लकव्यात कधीही नाही, मेंदूत रक्तस्राव होतो.

देण्याआधी दाब १८५/११० च्या खाली हवा, दिल्यावर २४ तास १८०/१०५ च्या खाली. त्यासाठी लॅबेटॅलॉल पेटीतच ठेवा. दुसऱ्या मजल्यावरच्या स्टोअरमध्ये ठेवलेलं लॅबेटॅलॉल निरुपयोगी. गुठळीच्या औषधाची साठवण ३० अंशांच्या आत लागते, खान्देशच्या उन्हाळ्यात कपाट चालणार नाही, फ्रिजच हवा. लाईट गेल्यावर तो किती तास थंड राहतो ते थर्मामीटर ठेवून बघा.

## टप्पा ७: चार बेड, एक ग्लास पाणी

ज्यांना इंजेक्शन मिळालं नाही असे रुग्णच जास्त असणार. उशिरा आलेले, रक्तस्रावाचे, दूरचे. त्यांच्यासाठी लकव्याचा वेगळा कोपरा, म्हणजे चार ते सहा बेड आणि त्यांनाच नेमलेल्या परिचारिका, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांना लागू पडणारा उपचार आहे. जनरल वॉर्डात विखुरलेल्यांपेक्षा अशा कोपऱ्यातले रुग्ण जास्त वाचतात आणि जास्त जण स्वतःच्या पायावर घरी जातात. हे कितीतरी देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. सातपुड्यातून आठ तासांनी पोहोचलेल्याला तुम्ही हेच देऊ शकता.

कोपऱ्याचा पहिला नियम गिळण्याचा. तोंडात काहीही देण्याआधी रुग्ण शुद्धीवर आहे हे पाहून बसतं करा आणि चमच्याने पाणी द्या. खोकला आला, आवाज ओला झाला, पाणी ओघळलं, तर तोंड बंद, नळी घाला. लकव्याचे रुग्ण दगावतात ते बऱ्याचदा न्यूमोनियाने, आणि त्याची सुरुवात जावयाने प्रेमाने पाजलेल्या चहापासून होते. बेडच्या वर लाल पाटी टांगा: 'तोंडाने काही नाही'. आहारवाल्या मावशींनाही ती वाचता आली पाहिजे.

बाकीचं थोडक्यात. गुठळीचं औषध दिलं असेल तर २४ तासांनी दुसरा सीटी, तो स्वच्छ आल्यावरच अॅस्पिरिन. रक्तस्राव असेल तर वरचा दाब १४० च्या आसपास आणि सर्जनला लगेच कळवा. फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात नव्हे. दर दोन तासांनी कूस बदला. विनाकारण लघवीची नळी नको. आणि मेंदूची सूज उतरवायचं मॅनिटॉल, 'ताकदीच्या' बाटल्या, मेंदूची महागडी इंजेक्शनं सरसकट लिहिणं थांबवा. त्या पैशात एक परिचारिका येते.

## टप्पा ८: पुढे कोणाला पाठवायचं

नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा सुरत. सगळ्यांना पाठवलं तर तिथे कोणी घेत नाही, कोणालाच नाही पाठवलं तर मोठ्या गुठळ्यांचे रुग्ण अपंग होतात. नियम साधा ठेवा: एका बाजूचे हातपाय पूर्ण लुळे, नजर एका बाजूला वळलेली, बोलणं बंद किंवा एका बाजूचं भानच नाही, आणि सीटीत रक्तस्राव नाही. अशा रुग्णाचा सीटी अँजिओ, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा सीटी, करा. त्यात मोठी वाहिनी बंद दिसली तर आधी इंजेक्शन, आणि ते लागू झालं का याची वाट न बघता गाडी.

साठीच्या आतल्या रुग्णात मेंदूचा मोठा भाग सुजत असेल तर ४८ तासांच्या आत कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया जीव वाचवते. त्यासाठी तिसऱ्या दिवशी फोन करून उपयोग नाही.

योजनेचं आधीच विचारून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तातडीच्या रुग्णाची फोनवर सूचना देता येते, रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला तो नंबर तोंडपाठ हवा. राज्याबाहेरच्या रुग्णालयात योजना चालते का, हे नवापूरच्या कुटुंबाला सुरतेच्या दारात कळता कामा नये.

> तपासा: लहान केंद्रात रुग्ण आत आल्यापासून पुढच्या गाडीत बसेपर्यंत किती मिनिटं? हा आकडा कोणी मोजत नाही. सर्वांत जास्त वेळ इथेच गळतो. गाडी रुग्ण उतरवून परत निघाली की संपलं, म्हणून सीटीचा निकाल येईपर्यंत १०८ ला थांबवून ठेवा.

## टप्पा ९: आता गावात सांगा

हे नवव्या क्रमांकावर का? कारण रात्रीचा सीटी चालू नसताना 'लगेच या' असं सांगितलं, लोक आले आणि हात हलवत परत गेले, तर पुढची पाच वर्षं त्या गावातून कोणी येत नाही. ते लकव्याच्या झाडपाल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला जातात, अंगाला कबुतराचं रक्त चोळतात. त्यांना हसू नका. आपण रिकाम्या हाताने पाठवलं तेव्हा त्यांनी हात देणारा शोधला.

संदेश एका ओळीत मावेल एवढाच: तोंड वाकडं, हात लुळा, बोली बोबडी: १०८. आशाताईंच्या बैठकीत तक्ते दाखवण्यापेक्षा त्यांच्याकडूनच करून घ्या. एकीने तोंड वाकडं करायचं, दुसरीने ओळखून फोन लावायचा, खरोखर लावायचा आणि 'तालीम आहे' म्हणून सांगायचं. भगतालाही बैठकीला बोलवा. 'तुमचं काय असेल ते गाडीत बसवल्यावर करा' एवढीच विनंती करा. बहुतेक जण मान्य करतात. आठवडी बाजार, केळीच्या गाड्या भरणारे मजूर, जिनिंगमधले कामगार, रिक्षावाले यांना शाळेतल्या प्रभातफेरीपेक्षा आधी धरा.

## टप्पा १०: घरी गेल्यानंतर, आणि दर गुरुवारी

डिस्चार्जच्या दिवशीच त्या गावच्या उपकेंद्राला फोन जावा: अमुक माणूस घरी येतोय, या दोन रक्तदाबाच्या गोळ्या, संपल्या की तुमच्याकडून. रुग्णालयात लिहिलेली गोळी उपकेंद्रात मिळतच नसेल तर ती लिहूच नका, मिळते तीच लिहा. दुसरा लकवा येतो तो बहुधा गोळी सुटल्याने. ती 'बरं वाटतंय' म्हणूनच नव्हे तर एसटीचं भाडं परवडत नाही म्हणूनही सुटते.

दर गुरुवारी अर्ध्या तासाची बैठक, उभ्याने. आठवड्यातला प्रत्येक रुग्ण एका ओळीत: शेवटची ठीक वेळ, दारात, सीटी, सुई, पुढची गाडी. एवढ्या पाच वेळांची नोंद, बाकी भाषण नाही. दारापासून सुईपर्यंत ६० मिनिटांच्या वर गेलेला प्रत्येक रुग्ण काढा आणि मिनिटं कुठे गेली ते विचारा. कोणामुळे गेली ते विचारू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या वेळा ५८ मिनिटं येतील. १०८ चा जिल्हा व्यवस्थापक आणि सीटीचा टेक्निशियन या बैठकीला हवेतच. डॉक्टर नसले तरी चालेल.

त्याच बैठकीत फ्रिज उघडून व्हायलच्या तारखा वाचा. टेनेक्टेप्लेजची मुदत तीन महिन्यांवर आली की ती हृदयविभागाला द्या, तिथे ती आठवड्यात खपते, आणि नवी मागवून 'मेंदू'च्या पेटीत ठेवा.